यंत्राआधी माणूस

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात विमानतळांवर बॅगांवर डोके टेकून झोपलेली माणसे आपण सगळ्यांनी पाहिली. इंडिगो या विमान कंपनीची उड्डाणे रद्द होत होती. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक. विमाने शाबूत होती, तिकिटे विकली गेली होती, इंधनाचा तुटवडा नव्हता. कमी पडले ते वैमानिक. त्यांच्या थकव्याचा विचार करून नियम बदलले होते: आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास आणि रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोन. हे नियम जाहीर झाले जानेवारी २०२४ मध्ये, आणि त्यांचा दुसरा टप्पा लागू झाला १ नोव्हेंबर २०२५ ला. हाताशी जवळजवळ दोन वर्षे होती. नियोजनात चूक झाल्याचे कंपनीने नियामकापुढे मान्य केले.

मनुष्यबळ नियोजन म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे हजेरीपट, रजेचे अर्ज आणि भरतीच्या जाहिराती येतात. त्या आठवड्याने त्याचा खरा अर्थ दाखवला. धंदा कुठे न्यायचा हे ज्या बैठकीत ठरते, त्याच बैठकीत तिथवर नेणारी माणसे किती, कधी आणि कुठून येणार हेही ठरावे लागते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते, कॅप्टन होण्यासाठीच्या परवान्याला १५००. विमान भाड्याने आणता येते. हे तास एकेक करूनच भरावे लागतात.

मी ३१ वर्षे पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांत पर्सोनेल खात्यात काढली; पुढे त्या खात्याची पाटी बदलून एचआर झाली. एका कारखान्याने निर्यातीची मोठी ऑर्डर डोळ्यांपुढे ठेवून चार सीएनसी यंत्रे मागवली. पैसे, पाया, वीजजोडणी, सगळ्याचा तक्ता तयार होता. यंत्रे चालवणार कोण, हा प्रश्न आमच्या खात्याकडे आला तो यंत्रे गेटवर उतरल्यावर. मग शेजारच्या कंपन्यांतून जादा पगार देऊन तिघांना आणले. त्यांच्या पगाराचा आकडा जुन्या टर्नरांच्या कानावर गेला, शॉपमध्ये धुसफूस सुरू झाली आणि आमचे दोन उत्तम कारागीर सोडून गेले. दोन यंत्रे पाच महिने प्लॅस्टिकखाली झाकलेली होती. ऑर्डर वेळेत गेली नाही. आधीच्या बैठकांना मला बोलावले नव्हते. पण बोलावले नाही म्हणून मी गप्प राहिलो, हे मला आजही बोचते.

हिशेबाची रीत तशी साधी आहे. येत्या तीन-पाच वर्षांत काय बनवायचे आणि कुठे विकायचे, त्यावरून कोणत्या कामाला किती हात लागतील हे काढायचे. मग आहेत त्यांची यादी करायची: वय, कसब, निवृत्तीचे साल, दरवर्षी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण. दोन्हींतली तफावत नव्या भरतीने भरायची, की आहेत त्यांना शिकवून, की काम बाहेर देऊन, हे ठरवायचे. खरी अडचण आकड्यांच्या आड लपलेली असते. शंभर माणसे पटावर आहेत, पण हीट ट्रीटमेंटची नस कळणारा एकच आणि तो ५७ वर्षांचा, ही गोष्ट हजेरीपट सांगत नाही. ती शॉपमध्ये उभे राहून विचारावी लागते.

हा हिशेब मोठ्या मनाने मांडलेला पाहायचा तर मला टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुण्याचा कारखाना आठवतो. टेल्कोने १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला, म्हणजे तो १९६९ ला संपणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर होते. त्यानंतर आपल्या बळावर ट्रक बनवायचे, तर आराखडा काढणारा, साचा घडवणारा, यंत्र बनवणारा माणूस आपल्या घरातच तयार हवा. पुण्याचा पसारा १९६६ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी अभियांत्रिकी संशोधन केंद्रही उभे राहिले. पुण्यातून पहिले व्यावसायिक वाहन बाहेर पडले १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षे टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी यंत्रे आणि साचे घडवण्यात, माळरानावर झाडे लावण्यात आणि मुलांना शिकवण्यात घातली. आजच्या संचालक मंडळापुढे अकरा वर्षांचा असा आराखडा ठेवायला किती जण धजावतील?

तिथल्या अप्रेंटिसचे पहिले काम म्हणजे कानस हातात घेऊन लोखंडाचा ठोकळा काटकोनात घासणे. दिवसेंदिवस तेच. बोटांना मापाची जाण येईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. अशा मुलांतून फिटर, टूलमेकर, सुपरवायझर तयार झाले. ‘टेल्कोत शिकलेला’ एवढे शब्द आमच्याकडे भरतीच्या वेळी प्रमाणपत्रासारखे चालत. काहींनी पुढे भोसरीत दोन यंत्रांवर स्वतःचे वर्कशॉप टाकले आणि मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवले. सोडून गेलेला माणूस म्हणजे बुडालेला खर्च असे मानणाऱ्यांनी हे पाहावे. ऐंशीच्या दशकात जपानी भागीदारीतल्या हलक्या ट्रकांची स्पर्धा आली, तेव्हा टेल्कोने १९८६ मध्ये स्वतःच्या आराखड्याचा ४०७ हा हलका ट्रक रस्त्यावर आणला. ती स्पर्धा दिसू लागल्यावर माणसे शोधत बसावे लागले असते, तर ते जमले नसते असे माझे ठाम मत आहे.

याच टेल्कोच्या अभियंत्यांसाठीच्या जाहिरातीत १९७४ मध्ये स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. सुधा मूर्तींनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले, त्यांना मुलाखतीला बोलावले गेले आणि त्या कारखान्यात रुजू झाल्या. गुणी माणसे मिळत नाहीत अशी तक्रार करताना आपण कुणासाठी दार बंद ठेवले आहे, हे आधी तपासावे.

सगळीकडे पिढ्या घडवायला वेळ नसतो. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. इथे काम अवघड होते, पण बांधणीपुरते होते. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी भारतीय रेल्वेतले अनुभवी अभियंते डेप्युटेशनवर आणले, मार्गाचे सात विभाग केले, प्रत्येकावर मुख्य अभियंता नेमला. या कामाला उसनी माणसे आणणेच योग्य होते.

नियोजनाचा अभाव कुणाला महाग पडतो, हे मुंबईच्या गिरणगावाला विचारावे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संपाच्या राजकारणात मी इथे शिरत नाही. पण गिरण्यांचे माग जुने होत होते, कापड भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकत होते, हे मालकांना संपाच्या कितीतरी आधी दिसत होते. पुढे गिरण्यांच्या जमिनींचे आराखडे झाले. घरी गेलेल्या हातांना दुसरे काम शिकवणारी, त्यांच्या संख्येला पुरेल अशी योजना उभी राहिली नाही. याला मी नियोजनाचे सर्वांत मोठे अपयश मानतो.

आता पाळी संगणक क्षेत्राची आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० जागा, म्हणजे जवळपास दोन टक्के, कमी करणार असल्याचे सांगितले आणि पुण्यात हिंजवडी-खराडीत घरोघरी हाच विषय झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कामाचे स्वरूप बदलणार आहेच. चाळिशीतल्या प्रोजेक्ट मॅनेजरला नवे कसब शिकवण्याचा विचार त्याचे जुने काम भरात असतानाच व्हायला हवा. तो हातावर पत्र पडण्याच्या दिवसापर्यंत लांबला, तर त्याला नियोजन म्हणता येत नाही.

आपल्याकडे अप्रेंटिस कायदा १९६१ पासून आहे. आज ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. कितीतरी ठिकाणी ही मुले स्वस्त हात म्हणून ट्रॉली ढकलताना मी पाहिली आहेत. वर्षभराने ती जशी आली तशीच बाहेर पडतात, आणि मालक पुन्हा कुशल माणूस नाही म्हणून जाहिरात देतो.

हा लेख एखाद्या छोट्या कारखानदाराच्या हाती पडला तर त्याला माझी एक विनंती आहे. भाऊबीज झाली, गेट उघडले की पहिल्या शनिवारी आपल्या माणसांची वयवार यादी काढा. पाच वर्षांत निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाच्या नावासमोर, आज त्याच्या शेजारी उभे राहून ते काम शिकणाऱ्याचे नाव लिहा. जिथे नाव सुचणार नाही, तिथली भरती याच महिन्यात करा.