काठावरचा पाना

वाळपईस एका स्नेह्याकडे उतरलो असता रस्त्याकडेची जलवाहिनी फुटली. म्हादईच्या खोऱ्यातील या गावास पाण्याचा तोटा नाही. परंतु दाबोसला शुद्ध झालेले पाणी घरात येईना, की चुलीपाशी खोळंबा व्हायचाच. शेजारच्या दोघीतिघी कळश्या घेऊन चौकशीस गेल्या. आम्हीही चरात डोकावलो.

चर दीड पुरुष खोल. तळाच्या चिखलात एक कामगार वाकून सांधा आवळीत होता आणि त्याच्या डोक्याच्या नेमका वर, काठावर, दोन फुटी पाइप-पाना पडलेला. "अरे, तो पाना मागं घे!" एक वयस्क कामगार ओरडला. पाना उचलला गेला आणि काम पुढे चालू झाले.

असा पाना सुमारे ४ किलोचा असतो. वाकलेल्या माणसाचे डोके काठाखाली २ मीटरांवर धरले, तरी तेथे पोचायला त्याला पाऊण सेकंदही लागत नाही. वेग मात्र ताशी २२ किलोमीटरांवर जातो. वरून "सांभाळ!" अशी हाक आली, की माणूस स्वभावतः वर पाहतो आणि घाव तोंडावर घेतो. म्हणून हाक मारण्याच्या भरवशावर राहणे व्यर्थ. हत्यार काठावर ठेवू नये, ते दोरीने बांधून किंवा बादलीतून खाली सोडावे, आणि वरून पाइप उतरत असताना खाली कोणी उभे राहू नये. उपसलेली माती व चिरेही काठापासून निदान दीड मीटर दूर हवेत. पावसाने भिजलेला काठ तो भार पेलत नाही.

शिरस्त्राणाची कथा मौजेची आहे. १९१९ साली अमेरिकेतील बुलार्ड यांनी वाफवून कडक केलेल्या कॅनव्हासची टोपी काढली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर, १९३७ साली तो पुरा होईपर्यंत, कामगारांना अशा टोप्या सक्तीच्या होत्या. टोपीचे खरे काम मात्र आतल्या पट्ट्या करतात. त्या ताणल्या जाऊन आघात सोसतात, म्हणून कवच आणि डोके यांत पोकळी लागते. घाम टिपायला तेथे पंचा कोंबला, की ती पोकळी गेली! हनुवटीचा पट्टा न बांधल्यास वाकताक्षणी टोपी चिखलात. एकदा जोराचा मार बसलेली टोपी पुन्हा वापरूही नये.

मघाच्या कळशीवाल्यांपैकी एकीने चरात वाकून विचारले, "पाणी केव्हा येतलें?" खालून उत्तर आले नाही. त्या वयस्क कामगाराने तिला हाताने मागे सारले. तिची कळशी काठाशीच टेकली होती.