सेकंड-हँड स्पीड यॉट : इंजिन कमी चाललंय म्हणजे भारी डील?

मित्राने व्हॉट्सॲपवर इटलीत बनलेल्या एका वेगवान मोटर यॉटची जाहिरात टाकली : 10 वर्षं जुनी, इंजिन फक्त 300 तास. खाली प्रश्न, "भारी डील ना?"

घेणार आम्ही दोघंही नाही, पण प्रश्न मस्त आहे. जुना फोन घेताना आपण चकाचक बॉडीपेक्षा बॅटरी हेल्थ बघतो ना? इथेही तसंच.

300 तास म्हणजे वर्षाला जेमतेम 30. बाकी वेळ बोट नुसती उभी. खाऱ्या पाण्याने कूलर आणि एक्झॉस्ट गंजतात, पंपाचं रबर कडक होतं. म्हणून मी आधी हे विचारेन :

1. ईसीयू डेटा : इंजिनाचा कॉम्प्युटर किती तास किती लोडवर गेले याची नोंद ठेवतो.

2. ऑइल टेस्ट : लोखंड जास्त म्हणजे झीज. सोडियम जास्त असेल तर समुद्राचं पाणी किंवा कूलंट आत शिरल्याचा संशय.

3. सी ट्रायल : फुल थ्रॉटलला इंजिनाने रेटेड आरपीएम गाठायला हवा. 2300 ऐवजी 2150 वरच अडकलं, तर तळाला शेवाळ, चुकीचा प्रोपेलर किंवा थकलेलं इंजिन.

4. हल सर्व्हे : बोट पाण्याबाहेर काढून मॉइश्चर मीटरने फायबरग्लासमध्ये पाणी मुरलंय का ते बघतात.

आता हिशोब सोपा : तशाच बोटी प्रत्यक्ष कितीला विकल्या गेल्या, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा. जाहिरातीतला आकडा ही फक्त मालकाची अपेक्षा. आणि तो टेस्टलाच नाही म्हणाला, तर तुम्हीही सरळ नाही म्हणा.