वस्तू दिली, तिच्या सांभाळाचे काय?

जुन्या वस्तूचे मोल दोन ठिकाणी दोन रीतींनी ठरते. भंगाराच्या दुकानात तांब्याचे घंगाळ काट्यावर चढते आणि त्या दिवशीच्या धातूच्या भावाने त्याचा निकाल लागतो. मोडी कागदांचा रुमाल रद्दीत गेला तर किलोच्या हिशेबाने विकला जातो. तेच घंगाळ, तोच रुमाल संग्रहालयात गेला तर त्याचे मोल रुपयांत सांगता येत नाही. कारण तेथे एकाने पाहिल्याने दुसऱ्यासाठी काही कमी होत नाही. अर्थशास्त्र ज्याला सार्वजनिक हिताची वस्तू म्हणते, तिचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. अशा वस्तूची अडचणही ठरलेली असते. लाभ सर्वांचा असला की खर्च कोणाचाच नसतो.

सातारा आणि सांगली या भागांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधीचा या मुलखाचा इतिहास बराचसा एकत्रच घडला. छत्रपतींची राजधानी, पटवर्धनांची संस्थाने, औंधचे प्रतिनिधी, वाई-मेणवलीचे वाडे यांमुळे कागद व वस्तू यांचा येथे मोठा साठा झाला. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तो वाईस मिळालेल्या पत्रांच्या आधारे. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी शाळेतील शिक्षकाची नोकरी सांभाळून पटवर्धन दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. घरोघरच्या मंडळींनी आपली दफ्तरे उघडली नसती, तर या विद्वानांच्या हाती काय लागले असते?

याच परंपरेतील तिसरे नाव दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे. सातारच्या या संशोधकाने कागदपत्रे, चित्रे, नकाशे, जुन्या वस्तू यांचा संग्रह जन्मभर केला. या संग्रहासाठी १९२५ साली साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले. दुसऱ्याच वर्षी, १९२६ मध्ये, पारसनीस निवर्तले. १९३९ मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेजची संशोधनसंस्था सुरू झाली, तेव्हा हा संग्रह तेथे हलविण्यात आला. आज तो त्या संस्थेच्या मराठा इतिहास संग्रहालयाचा पाया आहे. विद्येच्या दृष्टीने यात नुकसान झाले असे म्हणता येणार नाही. पुण्यात त्या कागदांना अभ्यासक मिळाले. परंतु सातारच्या शाळकरी मुलाला आपल्या गावचा हा ठेवा पाहण्यासाठी पुण्याची वाट धरावी लागते, हेही तितकेच खरे. संग्राहकाच्या हयातीइतकीच संग्रहाची स्थानिक मुळे खोल असतील, तर संग्रह गाव सोडून जातो, हा या घटनेचा धडा आहे.

औंधची गोष्ट वेगळी आहे. भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार व मोठे रसिक. त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय स्थापन केले. राजा रविवर्मा यांच्या चित्रांपासून हेन्री मूर यांच्या ‘माता व बालक’ या दगडी शिल्पापर्यंतचा संग्रह त्या लहानशा गावी आहे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, राज्य गेले. संग्रहालय मात्र जागचे हलले नाही. केवळ वस्तू गोळा करून भवानराव थांबले नाहीत. तिच्यासाठी इमारत बांधली, मांडणी केली आणि पुढे तिचा भार शासनाने उचलला. देणगी पूर्ण कशी होते, ते औंधला समजते.

देणगीला तिसरी एक बाजू आहे, ती माहितीची. १९ जुलै २०२४ रोजी सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे लोकांसाठी मांडण्यात आली. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफच्या घराण्यातून, त्याच्या नातवाच्या हस्ते, ती त्या संग्रहालयास मिळाली होती. सोबतच्या पेटीवर त्यांचा संबंध शिवाजी महाराजांशी जोडणारा मजकूर आहे. परंतु १६५९ च्या प्रसंगी वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. एवढी मोठी वस्तू आणि तिच्यामागे पुरावा एका पेटीवरील मजकुराचा! मग ज्या वस्तूला पेटीही नाही, तिचे काय होणार? वस्तू कोणाची, कोणत्या गावची, घरात कशी आली, हे जाणणारी वडीलधारी माणसे हयात आहेत तोवरच लिहून घेतले पाहिजे. ही चिठ्ठी वस्तूबरोबर गेली नाही, तर अर्धी देणगी घरीच राहिली असे समजावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इतिहास म्हणजे तलवारी आणि जरीपटके, अशी समजूत असल्याने सामान्य कुटुंबांना आपल्याकडे देण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही. सांगलीच्या हळद-व्यापाऱ्याची जुनी खतावणी, विष्णुदास भाव्यांच्या या नाट्यपंढरीतील एखादी नाटकाची जाहिरात, प्रतिसरकारच्या काळातील पत्रक, किर्लोस्करवाडीच्या कामगाराचे वेतनपत्रक, शाळेचे जुने हजेरीपट यांतूनच पुढचा अभ्यासक त्या काळचे भाव, मजुरी आणि राहणी यांचा हिशेब मांडणार आहे. राजांचा इतिहास बखरीत सापडेल; रयतेचा इतिहास तिच्याच कपाटात आहे. आणि ते कपाट सुरक्षित नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर चढले. तळमजल्यावरच्या लाकडी पेटीतील कागद अशा पाण्यापुढे किती टिकणार?

काही घरांना कायद्याची धास्ती वाटते. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा घरात जुनी वस्तू बाळगण्यास बंदी करीत नाही. ठरावीक प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी मागतो आणि खासगी व्यक्तीस त्या परदेशी पाठवू देत नाही. वस्तू लपविण्यापेक्षा नोंदविणे शहाणपणाचे आहे.

परंतु सर्व उपदेश दात्यालाच करणे न्याय्य नव्हे. दिलेली वस्तू पुन्हा कधी दिसलीच नाही, ही तक्रार अनेक घरांतून ऐकू येते. तिचे निवारण संग्रहालयांनी केले पाहिजे. वस्तू घेताना क्रमांकासह पोच द्यावी, नोंदवहीत दात्याचे नाव घालावे, दानपत्रावर अटी स्पष्ट लिहाव्यात आणि मांडणीत नसलेली वस्तूही दात्याच्या वारसांना मागताच दाखवावी. सर्वच वस्तू स्वीकारण्याचे बंधन संग्रहालयावर नाही; नको असलेली वस्तू नम्रपणे नाकारणे हे ती घेऊन अडगळीत टाकण्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. कागदाला वाळवी आणि कसर लागते, कापड विरते, लोखंड गंजते. ही झीज दरवर्षीची आहे. म्हणून तिच्यासाठी लागणारा पैसाही दरवर्षी येणारा हवा. उद्‌घाटनाच्या दिवशी जाहीर होणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा कायम ठेवीचे महत्त्व येथे अधिक आहे. समजा, एका गावातील एक हजार माणसांनी प्रत्येकी पाचशे रुपये दिले, तर पाच लाखांची ठेव होते. दर साल दर शेकडा सहा धरले तरी तीस हजार रुपये व्याज मिळते. एवढ्यात नवी इमारत होणार नाही. पण रुमाल बदलणे, औषध मारणे, कागदांची छायाचित्रे घेणे आणि एखाद्या विद्यार्थ्याला मोडी वाचनासाठी मानधन देणे जमू शकेल. महागाई ठेवीचे मोल कमी करते, म्हणून दरवर्षी तीत थोडी भर घालावी लागेल, एवढेच. शासकीय संग्रहालयांभोवतीही असे मित्रमंडळ उभे राहण्यास हरकत नसावी.

हे या मुलखाला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, ते याच साताऱ्यात. पुण्यात दिनकर केळकर यांनी हजारो वस्तूंचा आपला संग्रह १९७५ मध्ये राज्याच्या स्वाधीन केला. एवढा त्याग प्रत्येकाकडून अपेक्षित नाही. एक वस्तू, तिची हकीकत सांगणारी एक चिठ्ठी आणि तिच्या सांभाळासाठी थोडी रक्कम, इतके तिन्ही मिळून एक दान मानले जाईल तर पुरे. जुन्या वाड्यांच्या जागी नव्या इमारती उठत असताना माळ्यावरच्या पेट्या खाली उतरणारच आहेत. त्या संग्रहालयाच्या दारी जाव्यात की भंगाराच्या काट्यावर, याचा निर्णय घेण्यास फार अवधी उरलेला नाही.