पेटी ठेवायला जागा

जून महिन्यात शाळा उघडते, त्या दिवशी आमच्या वसतिगृहाच्या ओसरीवर पत्र्याच्या पेट्यांची रांग लागते. कडीला कुलूप आणि झाकणावर पांढऱ्या रंगात नाव व गाव. अलीकडे या रांगेत चाकांच्या सूटकेसही दिसू लागल्या आहेत.

आगबोटींच्या काळात सामान हमाल उचलीत. म्हणून पेट्या अवजड असल्या तरी चालत असे. कपड्यांचा जोड फारसा न चुरगळता नेता यावा, यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हलकी, चपटी, एका हाताने उचलता येणारी सूटकेस रूढ होऊ लागली. पुढे विमानप्रवास वाढला आणि विमानतळावर आपला भार आपणच वाहण्याची वेळ आली. अमेरिकेतील बर्नार्ड सॅडो यांना १९७२ साली चाकांच्या सूटकेसचे पेटंट मिळाले. ती पट्ट्याने ओढावी लागे. १९८७ साली रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने ती उभी करून तिला दोन चाके व लांब दांडा बसविला. अशा सूटकेसचा बहुतेक भार चाकांवर पडतो. म्हणूनच पुस्तकांसारख्या जड वस्तू चाकांच्या बाजूस आणि कपडे वरच्या बाजूस ठेवावेत.

किती न्यावे, याचा धडा आम्हांला भिक्षुसंघाकडून मिळतो. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंद, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके, हे भिक्खूचे अष्टपरिष्कार. यांपैकी प्रत्येक वस्तू रोजच्या उपयोगाची आहे. विद्यार्थ्यानेही पेटी भरताना प्रत्येक वस्तूला तिचा उपयोग विचारावा.

तथापि सामानाचा प्रश्न केवळ वजनाचा नसतो. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. महायुद्धात ते जहाज बुडाले. त्या सामानाच्या नुकसानभरपाईच्या पैशातून त्यांनी बडोद्याला जाण्याचा खर्च भागविला. परंतु बडोद्यात त्या उच्चविद्याविभूषित पुरुषाला त्याच्या जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर पडावे लागले आणि रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी कित्येक तास सार्वजनिक बागेत काढले. प्रवाशाजवळ पेटी असून भागत नाही; ती ठेवायला हक्काचे छप्पर लागते.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले, त्याचा अर्थ या प्रसंगाच्या उजेडात अधिक स्पष्ट होतो. आमचे वसतिगृहही त्याच वाटेवरचे एक ठिकाण आहे. येथे पत्र्याची पेटी आणि महागडी सूटकेस शेजारी शेजारी, एकाच मापाच्या जागेत ठेवल्या जातात. दहावीनंतर विद्यार्थी त्या उचलून पुढच्या प्रवासाला निघतात. त्यांच्या झाकणावरचे नाव वाचून कोणी त्यांना दारातून परत पाठवू नये, एवढ्यासाठी आमची ही सारी धडपड आहे.