पट्टा फिरतो, चालतात ते पायच

‘पट्टाच पळतोय की, आपल्याला कसलं काम?’ अहमदपुरात ट्रेडमिल पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुतेक वेळा हेच म्हणतो. ज्यांचं आयुष्य बालाघाटच्या चढउतारावर आणि काळ्या रानातल्या ढेकळांतून चालण्यात गेलं, त्यांना जागच्या जागी चालणं खोटं वाटावं यात नवल नाही. इथून लोक कार्तिकात मन्मथस्वामींच्या कपिलधारला पायी जातात. शिवलिंग शिवाचार्य महाराज अहमदपूरकरांनी ती पदयात्रा वर्षानुवर्षं चालवली. चालणं काय असतं हे या गावाला सांगायला नको. तरीही पट्ट्याबद्दलचा हा समज खोडायला हवा, कारण त्यापायी बरेच जण पट्ट्यावर चढतात आणि दांडीला लोंबकळतात.

पट्टा पायाला ढकलत नाही. तो फक्त मागे सरकतो. त्यावर उभं राहिलात तर तुम्हीही मागे जाल. जागेवर टिकायचं तर त्याच वेगाने पुढे चालावंच लागतं. पट्टा एकसारख्या वेगाने फिरत असेल, तर स्नायूंच्या दृष्टीने तो आणि रस्ता यांत फारसा फरक नाही. समोरचा वारा तेवढा नसतो, पण चालण्याच्या वेगाला त्याचा अडथळा नगण्यच.

हे नुसतं सांगून पटत नाही. म्हणून मी सकाळी गावातल्या एका छोट्या जिममध्ये पट्ट्याशेजारी स्टूल टाकून बसतो आणि चालणाऱ्याच्या खुब्याखाली काय चाललंय तेवढंच बघतो. मध्यम वेगाने चालताना एका पायाचं एक आवर्तन साधारण एक सेकंदात संपतं. त्यातला सुमारे 60 टक्के वेळ पाय पट्ट्यावर टेकलेला असतो, 40 टक्के हवेत. एवढ्याशा वेळात कोणता स्नायू कधी जागा होतो ते दिसायला नजर थोडी मुरावी लागते.

सगळ्यात आधी दिसते ती नडगी. टाच टेकली की पंजा फटकन खाली आपटायला हवा, पण तो आपटत नाही. नडगीच्या हाडाला लागून बाहेरच्या बाजूला एक लांबट स्नायू आहे, तो पंजाला धरून ठेवतो आणि विहिरीत घागर सोडताना दोर हाताने रोखत सैल करावा तसा त्याला हळू खाली सोडतो. स्नायू इथे आखडत नाही, ताण धरूनच लांबत जातो. पहिल्याच दिवशी हौसेने वेग वाढवणाऱ्यांची नडगी दुसऱ्या दिवशी ठणकते ती यामुळे. हा स्नायू थकला की कानालाही कळतं, पट्ट्यावर पाऊल थप्‌थप् वाजायला लागतं.

तेवढ्यात अंगाचं वजन त्या पायावर येतं, गुडघा किंचित वाकतो आणि मांडीच्या पुढचे स्नायू त्याला तिथेच सावरतात. मग सारं शरीर एकाच पायावर उभं असतं. या क्षणी दुसऱ्या बाजूचा खुबा खाली कलंडायला हवा. तो कलंडत नाही, कारण टेकलेल्या बाजूच्या खुब्याचा बाहेरचा स्नायू कंबर समतल धरतो. रस्त्यावर चालताना कमरेखाली बाजूला तळहात लावून बघा. पाऊल टेकलं की हाताखाली कडक, उचललं की मऊ. हा स्नायू दुबळा असलेला माणूस डोलत चालतो.

खरी ताकद मात्र पोटरीची. वरवर दिसणाऱ्या पोटरीच्या आत एक चपटा, रुंद स्नायू आहे. शरीर पावलावरून पुढे सरकत असताना तो नडगीला एकदम पुढे झुकू देत नाही. त्याच वेळी टाचेमागचा जाड कंडरा ताणला जातो आणि त्यात जोर साठतो. टाच उचलली की तो साठलेला जोर आणि पोटरीचं आखडणं मिळून पाय पुढे फेकला जातो. चालण्यातला मोठा रेटा घोट्याचा आहे, मांडीचा नाही. पाय हवेत गेला की नडगीचा तोच स्नायू बोटं वर ओढतो. ती पट्ट्यापासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतात. पुढे झेपावणाऱ्या पायाला शेवटी मांडीच्या मागचे स्नायू लगाम घालतात आणि टाच पुन्हा टेकते.

फरक आहेत, पण बारीक. पट्ट्यावर माणूस पावलं जरा आखूड आणि भरभर टाकतो. स्वस्त मोटर असेल तर टाच पडताच पट्टा क्षणभर अडखळतो. खाली उतरल्यावर थोडा वेळ आपण नेहमीपेक्षा जोरात चाललोय असा भासही होतो.

खरा घोटाळा दांडीचा. शिकवणारा पोरगा सारखा सांगतो, ‘काका, हात सोडा.’ काका सोडत नाहीत. हाताने वजन पेललं की खुब्याला कंबर सावरायचं काम उरत नाही आणि पोटरीचा रेटाही घटतो. पट्ट्याला चढ देऊन दांडीला धरून मागे रेलणं तर त्याहून वाईट, कारण तसं केल्याने चढ जवळजवळ रद्द होतो. मशिनीवरचा कॅलरीचा आकडा तुमचे हात कुठे आहेत हे विचारत नाही.

चढ काय करतो हे टीएमटी करून आलेल्यांना विचारा. ही हृदयतपासणी ज्या पद्धतीने होते, ती अमेरिकेतल्या रॉबर्ट ब्रूस या डॉक्टरची. तिची सुरुवात ताशी 2.7 किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालण्याच्या वेगाने होते, पण पट्ट्याला 10 टक्के चढ असतो. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. चढावर नितंबांचे आणि पोटरीचे स्नायू जास्त राबतात, म्हणून पुष्कळांच्या पोटऱ्या आधी भरून येतात.

गावात साखरेचा आजार घरोघरी पोचलाय, म्हणून हे सगळं महत्त्वाचं वाटतं. आखडणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. पोटरी दर पावलाला दाबली जाते आणि पायात साचणारं रक्त वर हृदयाकडे लोटते. दिवसभर दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याची ही दोन्ही कामं नुसतं बसून होत नाहीत.

तेव्हा पट्ट्यावर चढाल तेव्हा दांडी फक्त चढता-उतरताना धरा. धरल्याशिवाय जमत नसेल तर वेग कमी करा, चढ काढा, पण हात मोकळे ठेवा. तोल खरोखरच जात असेल तर मात्र धरा, पडण्यापेक्षा ते बरं. आणि छातीत दुखलं, चक्कर आली, तर पट्टा थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.