कार्यक्रम रद्द झाल्याची सूचना कशी लिहावी?

जयंती असो, धम्मपरिषद असो की वर्षावासातील धम्मदेसना, निमंत्रण पत्रिका आपण हौसेने छापतो. कार्यक्रम रद्द झाला की मात्र ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ एवढ्यावर भागवतो. हे आम्हाला योग्य वाटत नाही. नायगाव, परळ, लालबागला रोजंदारी बुडवून येणाऱ्या माणसाला कारण कळण्याचा हक्क आहे.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले होते. भाषणातील मते स्वागत समितीला पेलली नाहीत आणि अधिवेशन रद्द झाले. बाबासाहेबांनी ते भाषण ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने स्वतः छापले, सोबत मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही दिला. म्हणूनच अधिवेशन का रद्द झाले, हे आजही वाचता येते. याउलट, ६ डिसेंबर २०२० रोजी कोरोनामुळे चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करण्याचे आवाहन झाले. कारण स्पष्ट होते, थेट प्रक्षेपणाचा पर्यायही होता.

सूचनेत पुढील गोष्टी असाव्यात :

१. पहिल्याच ओळीत ‘रद्द’ की ‘पुढे ढकलला’ ते स्पष्ट लिहा. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे.
२. कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ, स्थळ.
३. खरे कारण, एका वाक्यात. कुणावर दोषारोप नको.
४. जमा झालेल्या धम्मदानाचे काय होणार? पावती दाखवून परत, की पुढील कार्यक्रमासाठी?
५. सूचनेची तारीख, अध्यक्ष व सचिवांच्या सह्या, संपर्क क्रमांक.

नमुना असा :

“सर्व उपासक-उपासिकांना कळविण्यात येते की, रविवारी सायंकाळी ६ वाजता विहारात होणारी धम्मदेसना सभागृहाच्या दुरुस्तीमुळे रद्द करण्यात आली आहे. धम्मदान पावती दाखवून सचिवांकडून परत घ्यावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

भन्तेजी आणि वक्त्यांना आधी फोन करावा, कागद नंतर. परवानगी घेतली असल्यास पोलीस ठाण्याला आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयाला (दादरसाठी जी उत्तर, परळ-लालबागसाठी एफ दक्षिण) लेखी कळवून पोच घ्यावी. मंडपवाल्याला विसरू नये. विहाराच्या फलकावर आणि व्हॉट्सॲपवर एकच मजकूर असावा, नाहीतर अफवा पसरतात.

कार्यक्रम पुन्हा घेता येतो. लोकांचा विश्वास एकदा गेला की पुढच्या निमंत्रणाला कोण येणार?

जयभीम!