इंचभर रिकाम्या जागेचं विज्ञान

थंडीतल्या पहाटे एखादा ट्रक किंवा जुनी डिझेल जीप सुरू झाली की इंजिनाच्या धडधडीबरोबर पंख्याचा मोठा घोंघाट ऐकू येतो. गाडी फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंत तो विरून जातो. चालकाने कुठलंही बटण दाबलेलं नसतं. पंखा आपला आपण शांत होतो. गॅरेजमध्ये याला ‘व्हिस्कस फॅन’ म्हणतात. पण इंजिन गार असताना, वाऱ्याची मुळीच गरज नसताना तो एवढा का गरजतो? या प्रश्नाचं उत्तर पंख्याच्या पोटातल्या एका अरुंद फटीत आहे. आणि हाच पंखा एखाद्या जुन्या, देखण्या गाडीत बसवायचा झाला, तर दुसऱ्या एका रिकाम्या जागेचा हिशेब मांडावा लागतो. ती जागा पंखा आणि रेडिएटर यांच्यामधली, जेमतेम इंचभर.

आधी पंखा कशासाठी, ते पाहू. बोरघाटात बॉनेट उघडून, वाफा सोडत उभ्या असलेल्या गाड्या माझ्या पिढीने खूप पाहिल्या आहेत. शेजारी पाण्याचा डबा घेऊन इंजिन निवण्याची वाट पाहणारं कुटुंब असायचं. चढावर इंजिन जोर लावतं, उष्णता भरपूर तयार होते. पण गाडीचा वेग कमी असल्याने रेडिएटरच्या जाळीवर समोरून वारा येत नाही. तिथे पंखा लागतो. सपाट रस्त्यावर गाडीने ताशी पन्नास-साठ किलोमीटरचा वेग धरला, की समोरून येणारा वाराच बहुतेक काम भागवतो.

जुन्या गाड्यांत पंखा थेट वॉटर पंपाच्या चकतीवर बोल्टने आवळलेला असे. पट्ट्याने पंप फिरला की पंखाही त्याच वेगाने फिरणार. रहदारीत अडकलेल्या गाडीचं इंजिन सावकाश फिरतं, म्हणून पंखाही सावकाश. महामार्गावर इंजिन वेगात, म्हणून पंखाही वेगात. म्हणजे गरज असते तेव्हा वारा कमी आणि गरज नसते तेव्हा वाऱ्याचा मारा. शिवाय हा नको असलेला वारा फुकट मिळत नाही. पंख्याचा वेग दुप्पट केला तर त्याला लागणारी शक्ती दुप्पट होत नाही, ती आठपट होते. वेग तिप्पट, तर शक्ती सत्तावीसपट. इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्यांवरून ३५०० फेऱ्यांवर गेलं, तर पंखा आधीच्या १२५ पट शक्ती खाऊ लागतो. उलट बाजूने पाहा: पंख्याचा वेग ३० टक्क्यांवर आणला, तर लागणारी शक्ती तीन टक्क्यांच्याही खाली उतरते. व्हिस्कस फॅनचा, म्हणजे क्लच फॅनचा, सगळा फायदा या घनाच्या नियमात आहे.

तेलाच्या फटीतला क्लच

काकवी लावून दोन ताटल्या एकमेकींवर ठेवा आणि वरची फिरवा. खालचीही थोडी मागे पडत, पण फिरू लागते. काकवी दाट असेल तर ओढ जास्त. दोन ताटल्यांमधलं अंतर निम्मं केलं तर ओढ जवळपास दुप्पट. व्हिस्कस क्लच याच ओढीवर चालतो. पंपाच्या दांड्याला जोडलेली एक चकती बंद डब्यात फिरते आणि पंखा जोडलेला असतो त्या डब्याला. चकतीवर आणि डब्याच्या आतल्या भिंतीवर गोल खाचा असतात. त्या एकमेकींत घुसतात, पण स्पर्श करत नाहीत. मध्ये मिलिमीटरच्या काही अंशाएवढीच फट राहते. त्या फटीत सिलिकॉन तेल असेल, तर चकती डब्याला ओढून नेते. तेल नसेल, तर चकती आत जवळपास एकटीच फिरते. सिलिकॉन तेल घेण्याचं कारण असं, की तापल्यावर त्याचा दाटपणा खनिज तेलाइतका झपाट्याने उतरत नाही.

तेल फटीत कधी सोडायचं, हे ठरवते क्लचच्या तोंडावरची, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी दिसणारी गुंडाळी. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून ती केलेली असते. उष्णतेने एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी. त्यामुळे गुंडाळी पीळ बदलते आणि आतली छोटी झडप सरकवते. रेडिएटरमधून आलेली हवा साधारण ७५-८० अंश सेल्सिअसला पोचली की झडप उघडते, पुढच्या कप्प्यातलं तेल फटीत उतरतं आणि पंखा जोर धरतो. हवा निवली की झडप मिटते. मग फटीतलं तेल परत कसं जातं? चकतीच्या कडेजवळ एक छोटा अडसर असतो. चकती आणि डबा यांच्या वेगांत फरक असल्यामुळे तेल या अडसरापुढे दाबलं जातं आणि एका भोकातून मूळ कप्प्यात परततं. वेगळा पंप नाही, तार नाही, बॅटरी नाही. जोडणीतली घसरणच तेल माघारी पाठवते.

पहाटेच्या घोंघाटाचं उत्तर इथे मिळतं. रात्रभर गाडी उभी असताना तेल निथळून फटीत साचतं. सकाळी इंजिन सुरू होताच चकती डब्याला घट्ट धरते आणि पंखा पूर्ण जोराने फिरतो. मिनिटा-दोन मिनिटांत अडसर ते तेल कप्प्यात ढकलतो आणि आवाज उतरतो. म्हणजे हा घोंघाट बिघाडाचा नव्हे, आत तेल शाबूत असल्याचा पुरावा आहे.

घसरणीची किंमतही मोजता येते. वेगांतल्या फरकामुळे वाया गेलेली शक्ती तेलात उष्णता होऊन साठते. गणित मांडलं तर ही उष्णता सर्वांत जास्त होते ती पंखा दांड्याच्या दोन तृतीयांश वेगाने फिरत असताना. तेव्हा ती थेट जोडलेल्या पंख्याला लागणाऱ्या शक्तीच्या ४/२७, म्हणजे सुमारे १५ टक्के भरते. क्लचच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर उभ्या पट्ट्या ओतलेल्या असतात त्या यासाठीच. ही उष्णता त्यांनी वाऱ्याला द्यायची.

१९५७च्या गाडीतली तारांबळ

आता हा क्लच १९५७च्या शेव्हरोले बेल एअरमध्ये बसवायचा आहे, असं धरू. मागे उंच शेपट्या आणि समोर भरपूर क्रोम असलेली ही अमेरिकन गाडी आजही हौशी लोक जिवापाड सांभाळतात. तिच्यातलं २८३ घनइंचाचं, म्हणजे ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन शेव्हरोलेच्या १९५५मध्ये आलेल्या ‘स्मॉल ब्लॉक’ घराण्यातलं. मूळ पंखा थेट पंपाला जोडलेला. पण मालकाने एसी बसवला की एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे येतो आणि रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळू लागते. मग मोठा पंखा हवा, आणि तो सतत गरजायला नको म्हणून क्लचही हवा.

बॉनेट उघडलं तर आत जागा ऐसपैस वाटते, पण ती दोन्ही बाजूंना. पंप आणि रेडिएटर यांच्यामध्ये मात्र टंचाई. क्लचची जाडी साधारण दोन ते तीन इंच. समजा, पंपाच्या चकतीपासून रेडिएटरच्या जाळीपर्यंत १०० मिलिमीटर जागा आहे आणि क्लच-पंख्याची जोडी ६५ मिलिमीटर घेते. उरले ३५. त्यातला एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर, जाळीपुढे मोकळा ठेवायलाच हवा. हाती राहिले १०. कूलिंग वाढावं म्हणून कुणी जास्त ओळींचा जाड रेडिएटर घातला, की हे दहाही गेले. म्हणून जाणते कारागीर सुटे भाग मागवण्याआधी मोजपट्टी आणि पुठ्ठ्याचा साचा घेऊन बसतात.

जागा काढण्याचे मार्ग आहेत, आणि ते याच इंजिनाच्या इतिहासातून येतात. स्मॉल ब्लॉकचे वॉटर पंप दोन लांबींचे. जुना आखूड पंप सुमारे १४३ मिलिमीटरचा; १९६९पासून शेव्हरोलेच्या बहुतेक प्रवासी गाड्यांत आलेला लांब पंप सुमारे १७६ मिलिमीटरचा. फरक ३३ मिलिमीटरचा. अनेक जुन्या गाड्यांत पुढे कधीतरी नव्या काळातलं इंजिन बसवलं गेलं आणि त्याच्याबरोबर लांब पंपही आला. तो काढून आखूड पंप घातला, तर हवी तेवढी जागा एका फटक्यात मिळते. मात्र पुल्या आणि ब्रॅकेटही त्याच जातीच्या लागतात, नाहीतर पट्टा तिरका धावतो.

दुसरा मार्ग रेडिएटर पुढे नेण्याचा. याच गाडीत सहा सिलिंडरचं इंजिनही येत असे. ते सरळ रेषेतलं, त्यामुळे लांब. म्हणून त्या गाडीत रेडिएटर आधाराच्या चौकटीच्या पुढे बसवलेला असे. १९५७च्या व्ही-८ गाडीत तो चौकटीच्या मागे. व्ही-८च्या मालकाने रेडिएटर सहा सिलिंडरच्या जागी हलवला, की पंख्यापुढे मोकळीक मिळते.

इंजिन जागचं हलतं

पण मोजलेली जागा ही उभ्या गाडीतली असते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. जोरात ब्रेक मारला की ते पुढे झुकतं, एकदम ॲक्सिलरेटर दाबला की एका बाजूला कलतं. रेडिएटर मात्र बॉडीला पक्का. माउंटिंगचं रबर चिंबलेलं असेल, तर अचानक ब्रेक लावताच पंखा जाळीत घुसू शकतो. १८ इंची पंखा मिनिटाला ४००० फेऱ्या घेत असेल, तर त्याच्या पात्यांची टोकं ताशी सुमारे ३४५ किलोमीटर वेगाने जात असतात. तो इंचभर मोकळा का सोडायचा, ते यावरून कळावं. म्हणूनच क्लच बसवण्याआधी माउंटिंग तपासावी.

पंख्याभोवतीचा श्राउड, म्हणजे आवरण, हाही तितकाच महत्त्वाचा. तो नसेल तर पंखा आपल्या समोरचा गोल तेवढा ओढतो आणि रेडिएटरचे चारही कोपरे कोरडे राहतात. शिवाय पात्यांच्या टोकांवरून गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते. पाती श्राउडमध्ये साधारण निम्मी आत, निम्मी बाहेर असावीत. टोकं आणि श्राउड यांच्यात पुन्हा इंचाच्या आसपास फट, कारण कलणारं इंजिन पंख्यालाही सोबत नेतं. फट फार वाढवली तर वारा निसटतो, फार कमी केली तर पातं घासतं.

तिसरी काळजी केंद्राची. पंपाच्या दांड्याचं टोक क्लचच्या भोकात तंतोतंत बसायला हवं. स्मॉल ब्लॉकच्या पंपांत हे टोक कुठे ५/८ इंचाचं, कुठे ३/४ इंचाचं असतं. लहान टोक मोठ्या भोकात सैल बसलं, तर क्लच केंद्रापासून किंचित सरकतो, थरथर सुरू होते आणि पंपाचं बेअरिंग त्याची किंमत मोजतं. आधीच क्लच वजनदार आणि बेअरिंगच्या पुढे लोंबणारा.

‘त्यापेक्षा विजेचा पातळ पंखा का नको?’ असं कुणी विचारेल. तो कमी जागा घेतो हे खरं. पण मोठ्या रेडिएटरसाठी तो बराच करंट ओढतो, आणि त्या काळातला डायनॅमो इंजिन सावकाश फिरत असताना, म्हणजे नेमकं पंख्याची गरज असताना, सर्वांत दुबळा असतो. मग अल्टरनेटर आणि नवं वायरिंग आलं. क्लच फॅनला यातलं काहीच लागत नाही. जुन्या गाडीचं रूप आणि स्वभाव राखून तिला आजच्या उन्हात चालवायचं असेल, तर मला हा तेलाचा क्लच अधिक इमानी वाटतो.

या यंत्रातल्या दोन्ही फटी भाग म्हणूनच बसवाव्या लागतात. आतली मिलिमीटरभराहून अरुंद असते, आणि तिच्यामुळे दोन धातू न भिडता एकमेकांना फिरवतात. बाहेरची इंचभराची, आणि तिच्यामुळे हलणारं इंजिन न हलणाऱ्या रेडिएटरशी सुखाने नांदतं. आतली फट कारखान्यातून मोजून येते. बाहेरची आपल्याला मोजावी लागते. म्हणून काम संपल्यावर श्राउडच्या आतल्या कडेला रंगाचा एक हात द्यावा आणि तो वाळला की गाडी बाहेर काढावी. चढ घ्यावा, दोन-चार ठिकाणी जोरात ब्रेक लावावा, मग घरी येऊन इंजिन बंद करून बॉनेट उघडावं. रंगावर ओरखडा नसेल, तर मोजमाप बरोबर होतं.